दक्षिण पुळणीची सरासरी

त्या राज्यात घर कुणी बांधत नसे. रहिवासी सगळे खेकडे होते, आणि तेही मऊ पाठीचे. समुद्रानं फेकलेल्या रिकाम्या शंखात शिरायचं, तो पाठीवर घेऊन हिंडायचं, अंग वाढलं की मोठा शंख बघायचा, एवढाच त्यांचा संसार.

शंख बदलायची एक रीत होती. मोठा शंख किनाऱ्याला लागला की सगळे अंगापिंडाप्रमाणे रांग लावत. पहिला नव्या शंखात जाई, दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. असं सरकत सरकत शेवटी एक चिमुकला शंख रिकामा उरे. तो नुकत्याच पाण्यातून वर आलेल्या पोराला मिळे. रांगेत भांडणं होत, एकमेकांच्या आयांचा उद्धार होई, पण रांग मोडत नसे.

राज्यात तीन पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे होते. मधली जुनी आणि सुस्त होती. उत्तरेची गरीब होती. दक्षिणेची सगळ्यात वेगानं वाढत होती. प्रत्येक भरतीला तिथे शे-दोनशे नवी पोरं वर चढत. दक्षिणवाल्यांना याचा अभिमान होता, पण तो वर्षातून एक दिवस दुखायचा. त्या दिवशी कुरव यायचा. कुरव म्हणजे पांढरा समुद्रपक्षी. तो तिन्ही पुळणींवरून एक चक्कर मारायचा आणि कुठल्या पुळणीचा सरासरी शंख केवढा, ते वरूनच ओरडून सांगायचा.

त्या वर्षी तो ओरडला, "मधली, पेरू! उत्तर, लिंबू! दक्षिण, आवळा!"

"उत्तरेच्याही खाली?" भार्गवदाजी म्हणाले. दक्षिणेतला सगळ्यात मोठा शंख त्यांच्या पाठीवर होता, म्हणून ते अध्यक्ष होते. "त्यांच्याकडे धड एक खडक नाही हो!"

"आपल्याकडे पोरं फार आहेत, दाजी," फुटक्या शंखात राहणारा धोंडूआबा म्हणाला. "पोरांचे शंख बारकेच असायचे. वाढतील."

"कधी?"

"वाढल्यावर."

हे उत्तर इतिवृत्तात घेण्यासारखं नव्हतं.

पुढच्या वर्षी कुरव यायच्या दिवशी बारक्या शंखवाल्यांना खडकामागे उभं केलं. दक्षिण दुसरी आली. खडकामागच्यांनी नांग्या आपटून जल्लोष केला. तो मोजला गेला नाही.

पण दुसरा नंबर ही फार वाईट गोष्ट असते. तिसऱ्यावर असताना दुसरा दिसतो, दुसऱ्यावर आलं की पहिलाच दिसतो. भार्गवदाजींनी सभा घेतली. "मोठे शंख किती यावेत ते समुद्राच्या हातात," ते म्हणाले, "पण बारके किती ठेवावेत ते आपल्या हातात आहे. लिंबापेक्षा लहान असेल तो प्रत्येक रिकामा शंख समुद्रात टाका."

"आणि सरासरी त्यानंही नाही वाढली तर मला टाका," धोंडूआबा म्हणाला. "फुटका आहे, हलकाही आहे."

ही सूचना पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली.

निवडण्याचं काम इंदुमतीकडे आलं. शंखात पाय घालून तो किती मोठा, आतून गुळगुळीत की खरबरीत, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नसे. तिला शेवंती नावाची मुलगी होती. शेवंतीचा शंख तिला आता काचत होता. तिचा पुढचा शंख इंदुमतीनं कधीच हेरून एका दगडाआड ठेवला होता. त्यावर तपकिरी पट्टे होते, आणि आतून तो असा मऊ होता की दोनदा पाय फिरवावासा वाटे.

तीन दिवस इंदुमतीनं निवड केली. चौथ्या दिवशी पट्ट्यांच्या शंखाची पाळी आली. तो लिंबापेक्षा जरासा लहान होता.

"ठेव की मागं," धोंडूआबा म्हणाला. "कोण बघतंय?"

"सगळ्यांचे टाकले आणि स्वतःचा ठेवला, असं म्हणतील, आबा."

"म्हणतील. पोरगी शंखात असेल तेव्हा म्हणतील."

इंदुमतीनं क्षणभर विचार केला. मग तिला वाटलं, पोरीनं छोट्यावर समाधान का मानावं? मोठाच घेईल की. तिनं तो शंख स्वतः पाण्यापर्यंत नेला आणि लोटून दिला. तो बुडाला नाही लगेच. थोडा वेळ तरंगला, मग ओढीबरोबर उत्तरेकडे गेला.

त्या वर्षी दक्षिण पहिली आली. भार्गवदाजींनी भाषण केलं. भाषण चालू असताना शेवंती एका पेरूएवढ्या शंखात शिरायचा प्रयत्न करत होती.

"आई," आतून आवाज आला, "मी आत आहे की अजून दारातच?"

"आत आहेस गं. चालून दाखव."

शंख हलला नाही. शेवंती आतल्या आत चालत होती. मग लाट आली आणि तो कलंडला, आणि शेवंती घरंगळत बाहेर पडली, उघडी, उन्हात. इंदुमतीनं तिला स्वतःच्या सावलीत घेतलं. जुना शंख अंगाला होईना, मोठा पेलवेना. शेवटी बाटलीचं एक निळं झाकण सापडलं, ते शेवंतीनं पाठीला लावलं.

तशी पुष्कळ पोरं होती. त्यांना झाकणवाले म्हणत. झाकण हा शंख नसल्यामुळे झाकणवाले मोजणीत येत नसत. भार्गवदाजींना हे फार सोयीचं वाटलं.

एका सकाळी झाकणवाले ओहोटीच्या ओल्या वाळूवरून उत्तरेकडे निघाले.

"तिथं काय आहे?" इंदुमतीनं विचारलं. "नंबर शेवटचा त्यांचा."

"नंबरात राहता येत नाही, आई," शेवंती म्हणाली. "येतेस?"

इंदुमतीच्या पाठीवर पेरूएवढा शंख होता. तो घेऊन तेवढं चालवणार नव्हतं, आणि सोडून जायचं तर उघडं जायचं. "तू हो पुढं," ती म्हणाली. मुलगी दिसेनाशी होईपर्यंत ती उभी होती. झाकण निळं असल्यामुळे ते बराच वेळ दिसत राहिलं.

पुढल्या मोजणीला कुरव पहिला नंबर सांगून वळला, तेव्हा इंदुमती खालून ओरडली, "उत्तरेला माझी शेवंती आहे हो, बरी आहे का?"

कुरव व्यक्तींबद्दल बोलत नसे. पण त्यानं जाता जाता उत्तरेचा तपशील सांगितला. तिथं म्हणे आता शंखांचा तुटवडा नाही. दक्षिणेकडून वाहत इतके बारके शंख आले की रांगा लांबच लांब लागतात. "सरासरी मात्र आवळा," तो म्हणाला. "एक पोरगी तर तपकिरी पट्ट्यांच्या शंखात हिंडते, तोही लिंबापेक्षा जरासा लहानच. शोचनीय."

इंदुमतीनं रिकामा पाय वाळूत दोनदा गोल फिरवला.

त्या पावसाळ्यात धोंडूआबा वारला, त्यामुळे त्याची सूचना आपोआप अमलात आली. पुढच्या वर्षांत आणखीही म्हातारे गेले. समुद्रातून वर चढणारी पोरं आता दक्षिणेला चढत नसत. त्यांना पाण्यातच कुणीतरी सांगत असावं.

मग एका दुपारी नारळाएवढा शंख किनाऱ्याला लागला. राज्यात तेवढा कुणी पाहिला नव्हता. दक्षिणेच्या सगळ्या रहिवाशांनी रांग लावली. सगळे मिळून नऊ होते. सगळ्यात पुढे भार्गवदाजी, सगळ्यात मागे इंदुमती. दाजी नव्या शंखात गेले, बाकीचे एकेक घर सरकले. इंदुमतीही आपल्या शंखातून निघाली, पुढच्याच्या शंखात शिरली, आणि सवयीनं मागे वळली. शेवटच्यानं मागे बघून हाक मारायची असते, ती तिनं मारली.

"ये गं. ये, उबदार आहे अजून."

मागे ओली वाळू होती. तिचा रिकामा शंख तोंड वर करून पडला होता. लाट आली, तो भरला. लाट गेली, तो डुलला, आणि डुलत राहिला.

वरून कुरव चालला होता. त्यानं खाली पाहिलं, सरासरीसाठी हलताना दिसले ते शंख मोजले, आणि ओरडला, "दक्षिण, दहा!"

भार्गवदाजींनी नारळाएवढ्या शंखातून नांगी उंचावली. इंदुमतीची नांगी अजून मागेच वळलेली होती, कुणाला तरी हात द्यावा तशी.