शेजाऱ्याच्या हातची चोचाई

खडपबंदरात येणाऱ्या पाहुण्याला आधी दिसतात ती दारे. प्रत्येक दारावर कोळशाने काढलेली आकृती असते: पक्ष्याची चोच, कमरेपर्यंत केस, अंगावर खवले, खाली तीन पाय. देवळाचे वृद्ध गुरव बजावतात, "हात लावू नका. ते चित्र या घराचे नव्हे." मग ते कथा सांगतात.

फार पूर्वी येथे विसाजी नावाचा जकातीचा नाकेदार होता. गलबतावरच्या प्रत्येक पोत्यात सळई खुपसून पाहणे हे त्याचे काम. पुढे तो माणसांच्या बोलण्यातही तशीच सळई खुपसू लागला.

एका सकाळी, भर ओहोटीला, दारांवरची ही चोचाई त्याच्यासमोर खडकावर प्रकटली असे सांगतात. म्हणाली, "पटकीची साथ येणार आहे. माझे चित्र काढ आणि लोकांना दाखव." एवढे बोलून ती पाण्यात गेली.

विसाजीने चित्र काढले, पण पुरावा म्हणून. हे कोळ्यांचेच सोंग. नाक्यावरची नजर चुकवून माल उतरवायचा असेल, असे त्याला वाटले. कागद पेटीत गेला, किल्ली कमरेला.

महिन्याभरात पटकी आली. त्याची एकुलती एक लेक येसू आडवी पडली, तेव्हा त्याने कागद काढून दाराला लावला, तोही आतल्या बाजूने. बाहेर लावला तर कोणी पळवील! पोरीचे डोळे खोल जात राहिले.

समोरची हरणी तांडेलीण उकळलेले पाणी घेऊन आली. तिचाही मुलगा अंथरुणावर होता. विसाजी भांड्याकडे पाहतच राहिला.

"इख नाय घातलं त्यात, नाकेदार. सळई खुपसून बघा हवं तर!" मग तिची नजर दारामागे गेली. "ही कोण बया?"

विसाजीने सारे सांगितले.

"लोकांना दाखव म्हणाली, आन् तुमी दाराआड लपवलीत?"

विसाजीने भांडे हातात घेतले. त्याने येसूला पाणी पाजले, कागद सोडवला आणि हरणीच्या दारावर लावला. त्याचे स्वतःचे दार कोरे राहिले. ते पाहून हरणीने चुलीतला कोळसा घेतला आणि त्याच्या दारावर तीच आकृती काढली. घाईत तिसरा पाय आखूड पडला. विसाजीने जन्मात प्रथमच चूक दाखवली नाही.

दोन्ही मुले वाचली, म्हणे. सारे गाव वाचले असे गुरव सांगत नाहीत.

आजही चैत्रात प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दारावर चोचाई काढतो, स्वतःच्या नाही. अबोला असला तरी काढावी लागते, आणि तिकडून आलेली पुसता येत नाही. नाकेदारांच्या दारावर आजही तांडेलांच्या घरचेच कोणी चित्र काढते. तिसरा पाय आखूडच असतो. तो कोणी सुधारत नाही.