काशाच्या तराजूतला राजा

एका राज्यात एका सकाळी राजाने सिंहासनावरून पाय पुढे केला आणि वहाणेचा बंद बांधायला सेवकास सांगितले. एवढेच घडले. सेवकाने बंद बांधला, दरबार सुरू झाला. खांबाआड उभी असलेली राजकन्या मंदारिका मात्र त्या बंदाकडे पाहतच राहिली. राजा मेघवर्मा आपला बंद आपल्याच हाताने बांधी. आज तो वाकला नव्हता.

मंदारिका भित्री, पान पडले तरी दचके. तिने ही गोष्ट बोलून दाखवली तेव्हा दासी गालांत हसल्या. दाई म्हणाली, तुम्हांला भिंतीवरची पालसुद्धा वाघ वाटते, बाईसाहेब.

त्या राज्यात तुलेची रीत होती. सुगी झाली की राजा देवळाच्या अंगणात तराजूच्या पारड्यात बसे, आणि त्याच्या भाराइतके धान्य प्रजेत वाटले जाई. मग, त्या सकाळच्या काही वर्षे आधी, दुष्काळ पडला. कोठारे रिती झाली, लेकरे आईच्या मांडीवर निपचित पडू लागली. तेव्हा कृष्णमुख नावाचा मांत्रिक काशाचा तराजू घेऊन आला.

"राजा, यात बस," तो म्हणाला. "समोरचे पारडे आपोआप भरेल. तुझ्या भाराच्या शतपट."

"आणि मोल?"

"तुझी भूक माझी."

राजाने लेकरांकडे पाहिले आणि तो बसला.

पारडे भरले. प्रजा जगली. पाऊसही परतला. पण आढ्याला टांगलेले नांगर कुणी खाली काढले नाहीत. कशाला काढायचे? राजा जितका जड, तितकी पोती गच्च. राजाची भूक मात्र आता मांत्रिकाच्या हाती होती. जेवून उठले की ती पुन्हा ताटाशी येऊन बसे, आणि राजा वर्षागणिक जड होत गेला. आणि खरे सांगायचे तर, पारड्यात बसल्यावर होणारा जयजयकार राजालाही गोड लागू लागला होता. नको म्हणण्याची वेळ आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली.

दरबारात दोन पक्ष पडले. राजवैद्य त्रिशंकर म्हणे, सगळा दोष जिभेचा; ज्याला आपले तोंड आवरत नाही तो राज्य काय आवरणार? भाट मधुकंठ म्हणे, पर्वताला कुणी बारीक हो म्हणते का? हत्तीला लाज नाही, मग राजाला का असावी? त्याने फर्मान काढवले, की राजाच्या देहाविषयी काळजीचा शब्दही काढणाऱ्याला राजद्रोही समजावे. दोघे तासन्‌तास भांडत, राजा मध्ये बसलेला असे, आणि त्याला कुणी काही विचारत नसे. एके दिवशी राजा उठला, आतल्या महाली गेला आणि दार लावून घेतले. त्यानंतर आत भरली ताटे जात, बाहेर रिकामी येत. हाकेला उत्तर येत नसे.

मंदारिका राईत जाऊन रडली. तिथे निवडुंगावर एक भारद्वाज बसला होता. तो माणसासारखे बोलला.

"येत्या तुलेला पारडे जमिनीला टेकेल आणि जमीन दुभंगेल. राजा खाली जाईल. कृष्णमुखाच्या खजिन्यात असे पुष्कळ राजे आहेत."

"उपाय?"

"वैद्याच्या जिभेवरचा काटा काढ. भाटाच्या जिभेवरचा मध काढ. तिसरे, ज्या घरात तुलेचा दाणा शिजत नाही, तिथले मूठभर धान्य आण. मग सांगतो."

ती वैद्याकडे गेली. त्याने तोंड उघडले. जिभेवर बाभळीचा काटा होता. तिने दोन बोटांनी तो उपटला. वैद्याने जीभ टाळूला लावून पाहिली. मग म्हणाला, "मी त्याची नाडी कधी पाहिलीच नाही, मुली. नुसते पोट पाहिले."

ती भाटाकडे गेली. शिंपल्याने मध खरवडला. भाट हळूच म्हणाला, "तो जिने चढताना धापा टाकतो. ते ऐकू येऊ नये म्हणून मी मोठ्याने गात होतो."

तिसरे काम मोठे कठीण. ती घरोघर फिरली. जिथे जावे तिथे तुलेचेच पोते. ओट्यावरची माणसे राजाला हसत होती, खादाड म्हणत होती, आणि हसता हसता यंदाच्या तुलेसाठी मोठाली पोती शिवत होती. डोंगराच्या उतारावर येसाई नावाची एक बाई तेवढी आपल्या शेतातली नाचणी झोडत बसली होती.

"तुम्ही तुलेचा दाणा का नेत नाही?" मंदारिकेने विचारले.

"एकदा नेला होता. शिजताना त्याला दुसऱ्याच्या घामाचा वास आला," येसाई म्हणाली. "तुझा बाप दुष्काळात बसला, ते त्याचं पुण्य. नंतर उतरला नाही, ती त्याची चूक. आणि आम्ही त्याला उतर म्हटलं नाही, ती आमची. घे ही नाचणी."

मंदारिका परतली. भारद्वाज म्हणाला, "काटा आणि मध नदीत टाक. नाचणीची अंबील कर आणि दाराशी जाऊन हाक मार. महाराज म्हणू नकोस. तो आपणहून ओ देईल, तर तराजू फुटेल."

"दार फोडून त्यांना बाहेर आणले तर?"

"हत्ती लावलेस तरी नाही. वचन त्याने दिले, मोडायचेही त्यानेच."

"मग ते पुन्हा पहिल्यासारखे होतील?"

"देह आहे तसाच राहील, तो एका दिवसात घडला नाही. भूक तेवढी त्याची त्याला परत मिळेल. पुढचे त्याचे तो पाहील."

तुलेचा दिवस उजाडला. अंगणात नगारा वाजू लागला. कृष्णमुख काशाच्या पारड्यावर हात ठेवून उभा होता, आणि प्रजा पोती उघडून बसली होती. मंदारिका अंबिलीचे भांडे घेऊन बंद दाराशी गेली.

"बाबा," तिने हाक मारली.

आत जड श्वास चालला होता.

"बाबा, मी रागवायला आले नाही. तुमची स्तुती करायलाही आले नाही. तुम्ही मराल म्हणून मला भीती वाटते."

श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला. बाहेर प्रजेने राजाचा जयजयकार केला. दाराखालून राजाची सावली हलली. तो उठला होता. महालाचे दुसरे दार अंगणात उघडत असे. आता तो तिकडे वळेल, की इकडे?

"तुम्ही बसलात म्हणून आम्ही जगलो," मंदारिका म्हणाली. "आता उतरा. तुमच्यासाठी दुसरे कुणी उतरू शकत नाही. मी इथेच आहे. बाबा..."

नगारा वाजत राहिला. सावली हलेना. मग दाराला आतून, अगदी जवळून, एका हाताचा भार टेकला, आणि कितीतरी दिवस न वापरलेल्या घशातून आवाज आला:

"ओ."