सुरी उंबऱ्याबाहेर

ज्या काळी अवजारं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत, त्या काळी एका इस्पितळात कुमुदिनी नावाच्या बाई आल्या. त्या शाळेत शिकवायच्या. पण हल्ली शिकवता शिकवता त्यांचे शब्द हरवायचे.

"डोकं उघडल्याशिवाय काही कळायचं नाही," शस्त्रक्रियेची सुरी म्हणाली. "आजवर मी कापलं, तेव्हाच खरं बाहेर आलंय!"

बाईंचा चेहरा उतरला.

"कापायच्या आधी कधी विचारून पाहिलंत?" आतल्या खोलीतून भलंमोठं चुंबक गरजलं. "विचारायचं काम माझं. आणि सुरीताई, तुम्ही उंबऱ्याबाहेरच थांबा. तुम्ही पोलादाच्या, तुम्हाला माझ्या अंगावर धावून यायची सवय आहे."

बाई चुंबकाच्या पोटात निजल्या. चुंबकाने मेंदूतल्या पाण्याच्या कणांना हलकेच ढकललं, सोडून दिलं आणि कोण किती वेळात शांत होतं ते मोजलं. स्निग्ध वेष्टन असलेल्या तंतूंजवळचे कण झटकन शांत झाले. करड्या भागातले जरा रेंगाळले. मोकळ्या पाण्यातले तर कितीतरी वेळ डोलत राहिले. कवटीवर ओरखडाही न उमटता आतला सगळा मुलूख उजळून निघाला.

मग चुंबक थबकलं. "तंतूंच्या दाटीतल्या या एका ठिपक्यातले कण अजून डोलतायत. इथलं वेष्टन विरलंय."

"यावर औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "सुरी लागणार नाही."

"अगं बाई, एवढासा ठिपका!" बाई पुटपुटल्या. "मला वाटलं, मीच संपले."

सुरी उंबऱ्याबाहेर खणखणत पडली होती. तिला शांत व्हायला फार वेळ लागला. चुंबकाने तोही मोजला.