खाटेजवळचा ओटा

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या गावात रुग्णालय बांधायचे ठरवले. त्याची पत्नी वर्षभरापूर्वी शहरातल्या एका रुग्णालयात वारली होती. तिच्या नावाने शंभर खाटांचे रुग्णालय उभे करीन, असे त्याने तेराव्याच्या दिवशीच चारचौघांत सांगून टाकले होते, आणि बोललेला शब्द फिरवणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने हे काम एका वृद्ध स्थपतींकडे दिले. त्यांनी ते आपल्या शिष्याकडे दिले. म्हातारी माणसे असे करतात आणि मग कडेला बसून बघत राहतात.

शिष्य हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. तीन महिने खपून त्याने आराखडा काढला. नर्सला दिवसाकाठी किती पावले चालावी लागतील, ते मोजले. मळके कपडे एका वाटेने जातील आणि जेवण दुसऱ्या वाटेने येईल, अशी तजवीज केली. वारा कुठून येतो, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते, स्ट्रेचरला किती वळणे घ्यावी लागतात, सारे पाहिले. शंभर खाटा त्याने अशा बसवल्या की वीतभर जागा वाया गेली नाही.

वृद्धांनी कागद बराच वेळ पाहिला. चूक एकही दाखवली नाही. एवढेच म्हणाले, "उद्या सकाळी डबा, चादर आणि पाण्याची बाटली घेऊन ये. टेप मात्र घरी ठेव."

शिष्याला याचा अर्थ कळेना. दुसऱ्या दिवशी ते त्याला शहरातल्या एका जुन्या रुग्णालयात घेऊन गेले. त्यांच्या आळीतल्या पारूआजी तिथे तापाने निजून होत्या. मुलगा दूर नोकरीला, त्याला पोचायला अजून दोन दिवस होते.

"आज दिवसभर तू यांचा माणूस," वृद्ध म्हणाले आणि चालू लागले.

शिष्य मनातून चरफडला. पण आजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "सोडू नगंस रं बाळा. डोळं मिटलं की घाबरं व्हतंय."

तो खाटेला टेकून उभा राहिला. पाच मिनिटांत औषधांची गाडी आली. "ओ, बाजूला व्हा जरा." तो बाजूला झाला. मग फरशी पुसणारी मावशी आली. "दादा, डबा उचला तो." त्याने उचलला. मग डॉक्टर आले. "नातेवाईक बाहेर थांबा." तो बाहेर गेला, तर तिथे समोरून स्ट्रेचर. "अहो, वाटेत काय उभे राहताय?"

कुणी दुष्ट नव्हते. नर्सची तर पाठ टेकत नव्हती. तो खरोखरच सगळ्यांच्या मध्ये येत होता. त्याच्यासाठी तिथे जागाच नव्हती, म्हणून तो जिथे उभा राही ती दुसऱ्या कुणाची तरी वाट असे. आणि दर वेळी बाजूला होताना आजींचा हात सुटत होता.

"आलास व्हय? कुठं गेलतास?" परतल्यावर त्या विचारत.

शिष्याची मोजायची खोड काही जात नव्हती. संध्याकाळपर्यंत एकतीस वेळा हात सुटला. एकतिसाव्यांदा तो परत आला तेव्हा आजींनी काही विचारले नाही. त्यांनी हात चादरीत घेतला होता आणि तोंड भिंतीकडे केले होते.

(आजी पुढे बऱ्या होऊन घरी आल्या, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्यांच्यातच अडकून राहायचा.)

वृद्ध त्याला न्यायला आले तेव्हा शिष्य पायरीवर बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते. वृद्धही शेजारी बसले.

"तुझा आराखडा चांगला आहे," ते म्हणाले. "त्यात डॉक्टर कुठे उभा राहील ते कळतं, नर्स कुठून येईल ते कळतं. पण आजारी माणूस एकटा येत नाही रे. त्याच्यासोबत कुणीतरी असतं, डबा घेऊन, जीव मुठीत धरून. त्या दुसऱ्याला मी तुझ्या कागदावर खूप शोधलं. तो कुठेच बसलेला दिसेना. हे मी तोंडाने सांगितलं असतं, तर तू मला एक बाक काढून दाखवला असतास, तोही जिन्याखाली."

शिष्य भरल्या डोळ्यांनी हसला. त्याने तसेच केले असते.

मग त्याने नवा आराखडा काढला. प्रत्येक खाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक ओटा आला. त्यावर बसता येईल, अंग मुडपून पडता येईल, खाली डबा आणि चपला राहतील. बाकी सगळ्यांची वाट खाटेच्या दुसऱ्या अंगाने नेली. मात्र खाटा चौऱ्याऐंशीच बसल्या.

व्यापारी संतापला. "गुरुजी, शंभर म्हणून मी गावाला सांगितलंय. कुणाला बसायला मिळावं म्हणून सोळा आजारी माणसं दारातून परत पाठवू?"

प्रश्न खरा होता. वृद्ध म्हणाले, "एकदा बसून पाहा. मग तुम्ही म्हणाल तसं."

मोकळ्या जागेवर शिष्याने पांढऱ्या फक्कीने एका वॉर्डाची आखणी केली, खऱ्या मापाची. मध्ये एक खाट ठेवली, शेजारी विटा रचून ओटा केला. व्यापारी कुरकुरत बसला. बसल्यावर त्याचा हात आपोआप रिकाम्या खाटेवर गेला.

इतक्यात डोक्यावर घमेले घेतलेला एक बिगारी फक्कीच्या रेघांमधून येऊ लागला. त्याला पाहताच व्यापारी गडबडीने उठू लागला.

"बसा शेठ, बसा," बिगारी म्हणाला, "माझी वाट इकडनं हाय." आणि खाटेच्या पलीकडून निघून गेला.

व्यापारी पुन्हा बसला.

"त्या दिवशी मला असंच सारखं उठवत होते," तो म्हणाला. "मी मध्ये येत होतो, त्यांचं काही चुकलं नाही. ती म्हणाली, जाऊ नका. मी म्हटलं, आलोच. परत आलो, तर तिच्या तोंडावर चादर ओढलेली."

शिष्याने मान खाली घातली. वृद्धांनी व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चौऱ्याऐंशी राहू द्या," डोळे पुसत व्यापारी म्हणाला. "उरलेल्या सोळांसाठी या जागेमागची माझी वखार पाडा. पण तिथेही ओटे हवेत, प्रत्येक खाटेला."

शिष्य फक्कीची पाटी घेऊन वखारीच्या जागेकडे गेला. दिवस कलेपर्यंत बिगारी आपल्या वाटेने येत-जात राहिले. व्यापारी रिकाम्या खाटेवर हात ठेवून बसून होता. त्याला कुणी उठवले नाही.