परातीएवढे दार

एकदा एक तरुण शिष्य बारा वर्षे दूर देशी न्यायशास्त्र शिकून सिंधूकाठच्या आपल्या गावी परतला, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आले की गावात दोन गोष्टी अजून खळखळत आहेत. एक नदी आणि दुसरे भांडण.

गाव लहान, पण गावाचा देव मोठा. नदीच्या उंच काठावर, दगडी ओट्यावर त्याचे ठाणे होते. आत एक चौथरा आणि चौथऱ्याशी अखंड तेवणारा दिवा, एवढेच. चौथऱ्याला कोणी समाधी म्हणे, कोणी तुरबत. हिंदूंच्या तोंडी देवाचे नाव झुलेलाल. ते त्याला वरुणाचा अवतार मानीत. मुसलमान त्याला ख्वाजा खिज्र म्हणत, पाण्यावर वावरणारा जिवंत पीर मानीत. रूप मात्र दोघेही एकच सांगत: पांढरीशुभ्र दाढी, चेहऱ्यावर हसू आणि बसायला प्रवाहाविरुद्ध पोहणारा पल्ला मासा. साकडेही एकच. होडी तरू दे, माणूस घरी येऊ दे. भर पुरात होडी हेलकावू लागली की आत बसलेला व्यापारी आणि वल्हे मारणारा मल्लाह एका दमात दोन्ही नावांनी हाका मारीत. तिथे कोणी कोणाला दुरुस्त करीत नसे.

भांडण होते ते काठावर आल्यानंतरचे, आणि तेही वर्षातून एकाच दिवशी.

आपल्याकडे पाडव्याची गुढी उतरते, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चेटीचंड. देवाचा जन्मदिवस. त्या दिवशी हिंदू बहराणा आणीत. बहराणा म्हणजे मोठी पितळी परात. तिच्यात कणकेचा पाच वातींचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे आणि पाण्याने भरलेला कलश. घरून उचललेली परात चौथऱ्याशी पोचेपर्यंत भुईला टेकवायची नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही, असा दंडक. मुसलमान मल्लाह, म्हणजे नावाडी, आणीत नेजा. नेजा म्हणजे दोन पुरुष लांबीची काठी, तिच्या टोकाला हिरवे रेशीम. त्या रेशमालाही माती लागलेली चालत नसे. दोन्ही मिरवणुका घाटावर भेटत, एकाच ढोलावर टिपऱ्या घेऊन नाचत, गुलाल-अत्तर एकमेकांना लावीत. आणि ओट्याच्या पायऱ्या चढल्या की सगळा रंग पालटे. दोघांनाही आधी आत जायचे असे.

गेल्या वर्षी ठाण्याच्या एकुलत्या रुंद दारात दोन्ही मिरवणुका एकदम घुसल्या. परात कलंडली, दिवा विझला, नेज्याचे रेशीम कडीत अडकून टरकन फाटले. अपशकुन झाला म्हणून सात दिवस एकही होडी पाण्यात गेली नाही. पंचांनी ठरवून टाकले: एवढे एक वर्ष पाहू; पुन्हा असे घडले, तर ठाण्याच्या मधोमध भिंत घालू, अर्धे तुमचे, अर्धे आमचे. भिंतीच्या विटासुद्धा अंगणात येऊन पडल्या.

त्या विटा शिष्याने पाहिल्या. याच अंगणात तो लहानाचा मोठा झाला होता. ही भिंत उभी राहू द्यायची नाही, असा त्याने मनोमन निश्चय केला. तीन दिवस तो कागदावर रेघा ओढत बसला, आणि चौथ्या दिवशी उत्साहाच्या भरात ठाण्यात गेला.

ठाण्याची झाडलोट आणि दिवाबत्ती एक वृद्ध सत्पुरुष पाहत असे. सारा गाव त्याला साईं म्हणे. शिष्याने अक्षरे गिरवली ती त्याच्याच मांडीशी बसून. साईं वाती वळत होता.

"साईं, उपाय सापडला!" शिष्याने कागद पसरला. "दक्षिणेच्या भिंतीत दुसरं दार. हिंदू पूर्वेकडून येतील, मुसलमान दक्षिणेकडून. पायऱ्या वेगळ्या, वेळ वेगळी. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. दोन्हीकडे विचारून आलोय, दोघांनाही पटलंय."

साईंने कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. "रेघा सुंदर आहेत. शिकलास हो. आणि मधली भिंत?"

"तिची गरजच उरणार नाही. दोघं एकमेकांसमोर येणारच नाहीत."

"बाळ," साईं म्हणाला, "तुमच्या त्या देशात याला भिंत म्हणत नाहीत का?"

शिष्य वरमला, पण हटला नाही. "भांडण होण्यापेक्षा बरंच ना, साईं?"

साईं पुन्हा वाती वळू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गवंड्याला बोलावणे धाडले. शिष्याला वाटले, पटले बहुतेक. तो आनंदाने दक्षिणेच्या भिंतीशी खडू घेऊन उभा राहिला. साईं मात्र पूर्वेच्या जुन्या दाराशी गेला आणि त्याने गवंड्याला विचित्रच काम सांगितले.

"दरसाल बहराणा उचलतो त्या शेठ होतचंदकडे जा आणि परात मागून आण."

परात आली. साईंने ती उंबऱ्यावर आडवी धरायला लावली आणि म्हणाला, "दोन्ही बाजूंनी विटा रचत ये. परातीची कड आणि वीट यांच्यात एक बोट जागा ठेव, जास्त नको. आणि वरची तुळई छातीएवढी खाली घे."

"म्हणजे दार बारीक करायचं?" गवंड्याने विचारले.

"हो."

"साईं, शेठचं पोट ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"देवालाही ठाऊक आहे. तू विटा लाव."

संध्याकाळपर्यंत भिंतीसाठी आणलेल्या विटा दाराच्या दोन्ही अंगांना चढल्या. जिथून चार माणसे खांद्याला खांदा लावून जात, तिथून आता एकच, तोही वाकून जाऊ शकेल असे दार उरले. गावभर हसू पसरले. पाणवठ्यावर, पेढीवर, होड्या डागडुजीला लावल्या होत्या तिथे, जो भेटेल तो शिष्याला टोमणा मारी.

"काय पंडित, दोन दारं आणणार होतास ना? होतं तेही पाऊण गिळलंस!"

शिष्याला झोप येईना. रुंद दारात एवढी मारामारी, तर चिंचोळ्या दारात काय होईल? यंदा दिवा विझला की भिंत ठरलेलीच. आणि निमित्त होईल ते आपल्या गुरूने केलेले हे अनाकलनीय काम. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा साईं एवढेच म्हणाला, "चेटीचंडला दाराच्या आत, उजव्या हाताला उभा राहा. कशाला हात लावू नकोस. नुसता बघ."

चेटीचंड उजाडला. उन्हाने नदी लखलखत होती. ढोल आणि सनई घाटावर आली, टिपऱ्या झडू लागल्या. गोड केशरी भाताच्या हंड्यांचा वास सुटला. शिष्य आतल्या अंधुक उजेडात भिंतीला टेकून उभा होता आणि जवळ जवळ येणारा ढोल ऐकत होता.

मिरवणुका दाराशी आल्या आणि थबकल्या. क्षणभर कुजबुज झाली. तेवढ्यात मल्लाहांचा म्होरक्या सूमर, काटकुळा आणि मासळीसारखा चपळ माणूस, खाली वाकून सुळकन आत शिरला आणि छाती पुढे काढून ओरडला, "मी आधी! यंदा मल्लाह आधी!"

बाहेर मल्लाहांनी जल्लोष केला. हिंदूंच्या बाजूने संतापाचा हुंकार उठला. दाराशी शेठ होतचंद उभा होता, दोन्ही हातांत भरलेली परात, तिच्यात पाच ज्योती. त्याने परात पुढे केली आणि तिथेच अडकला. परातीला कडेने धरलेले हात विटांना लागत होते. डोक्यावर घ्यावी, तर तुळई खाली. बाजूंचे हात काढून आपल्याकडची कड धरावी, तर भरल्या कलशाने परात पुढे झुकत होती. भुईला टेकवायची सोय नाही. मागून गर्दीचा रेटा. शेठच्या कपाळावर घाम आला. कलशातले पाणी हिंदकळले, एक ज्योत लवली. शिष्याचे हात आपोआप पुढे झाले. गुरूचे शब्द आठवून त्याने ते मागे घेतले आणि डोळे मिटून घेतले.

"अरे सूमर!" होतचंद ओरडला. "आत तूच आहेस ना? बघत काय उभा राहिलास? धर की पुढून!"

"मी?"

"मग काय तुझा बाप धरणार? पडेल रे झुलेलालचा दिवा!"

सूमरने छाती आत घेतली. घाईघाईने हात कुर्त्याला पुसले, पुढे झाला आणि परातीची आतली कड धरली. "सोडू नका शेठ, हळू... डावीकडे थोडी... हां. आता सोडा. आली!"

एका बोटाच्या फटीतून परात सरळ, संथ आत आली. पाचही ज्योती तेवत होत्या. परात हातांत घेऊन सूमर क्षणभर तसाच उभा राहिला. वर्षानुवर्षे त्याने ती लांबून पाहिली होती, धक्का देऊन बाजूला सारली होती. तिचे वजन त्याला आज कळले. मग त्याने ती चौथऱ्याशी नेऊन ठेवली आणि दाराकडे वळला, कारण तिथून आता वेगळाच आवाज येत होता.

शेठ होतचंद दारात रुतला होता.

"ओढ ना रे!"

"शेठ, श्वास सोडा! सोडा म्हणजे घेऊ नका, सोडा!"

सूमरने दोन्ही हात धरून ओढले, बाहेरून मल्लाहांनी रेटले, आणि शेठ एकदाचा आत आला तो थेट सूमरच्या अंगावर. दोघेही फरशीवर बसले. बाहेर हास्याचा असा स्फोट झाला की ढोलवाल्याचा ताल चुकला.

"उठा शेठ," सूमर हसत म्हणाला, "आमचा नेजा बाहेर आहे. तुळई खाली आलीय, उभा येणार नाही. आडवा येईल. टोक कोणीतरी आत उचलून धरायला हवं, नाहीतर रेशीम लोळेल."

होतचंद धापा टाकत उठला, दाराशी गेला, आणि काठीचे टोक आत आले तसे हिरवे रेशीम त्याने झेलले, आपल्या पांढऱ्या उपरण्यावर घेतले, आणि मागे मागे सरकत चौथऱ्यापर्यंत आणले. त्यानंतर जो जो आत आला, त्याला आधी पोचलेल्याने हात दिला. कोणाचे मूल आत घेतले, कोणाचा हंडा, कोणा म्हातारीची काठी. थोड्याच वेळात आत कोण आधी आले आणि कोण मागून, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. पुढे बहराणा विसर्जनासाठी सूमरच्याच होडीतून मध्यधारेला गेला, आणि काठावरून दोन्ही नावांचा एकच गजर झाला.

गर्दी ओसरल्यावर शिष्य साईंजवळ येऊन बसला. त्याचे डोळे ओले होते आणि चेहरा हसत होता.

"साईं, मी दोन दारं मागितली. तुम्ही एकच ठेवलंत, तेही अरुंद. का?"

साईं म्हणाला, "बाळ, त्यांना देवापाशी आधी पोचायची घाई होती. ही घाई वाईट कशी म्हणू? प्रेमाला घाई असतेच. दुसरं दार केलं असतं, तर भांडण थांबलं असतं, पण माणसं भेटायचीही थांबली असती. रुंद दारातून दोघं एकदम शिरत, म्हणून दोघंही पाहुणे राहत आणि पाहुण्यांत मानपान निघतात. अरुंद दारातून कुणीतरी एकच आधी जातो. जो आधी घरात पोचला, तो घरचा झाला. आणि घरच्या माणसाने काय करायचं असतं, हे सूमरला कुणी शिकवावं लागलं का?"

"आणि शेठ आधी आत गेले असते तर?"

"तर रेशीम आधी आलं असतं, परात नंतर. फक्त शेठना आतून ओढायला कोणी नसतं." साईं मनमोकळा हसला. मग हळूच म्हणाला, "तू खूप लांब जाऊन न्याय शिकून आलास. न्याय चांगलाच. तो दोघांना सारखं वाटून देतो. पण काही ओझी अशी असतात बाळ, की ती वाटायची नसतात, एकाच्या हातून दुसऱ्याने घ्यायची असतात."

एवढ्यात दारात सावली पडली. मल्लाहांच्या वस्तीतली कोणी वृद्धा गोड भाताचे भरलेले पातेले घेऊन आली होती आणि उंबऱ्याशी वाकू पाहत होती. शिष्य विचार न करता उठला, दाराशी गेला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"द्या, आई. मी आतून धरतो."

देवाच्या दारी जो आधी पोचतो, त्याला दर्शनापूर्वी एक काम लागते: वळून मागे पाहण्याचे.