पोपटांना मिळालं कोठार

सागझरी नावाचं एक जंगल होतं. तिथे सिंहाचं राज्य होतं आणि निवडणुकाही होत. मागच्या वेळी सिंह बिनविरोध आला, कारण विरोधी उमेदवार आदल्या दिवशी त्याच्याकडे जेवायला गेला होता.

जंगलात एकच सरकारी कोठार होतं. सुगीत प्राणी तिथे धान्य आणि कंद ठेवत, उन्हाळ्यात आपापला वाटा नेत. कुणाचं किती, हे सगळं म्हाताऱ्या कासवाच्या डोक्यात असे. कासव वारलं आणि दुसऱ्याच दिवशी सशाची गाजरं माकडाने नेली. बाजारात मारामाऱ्या सुरू झाल्या.

कंदमुळं विकणारी साळूबाई साळिंदर तडक दरबारात गेली.

"महाराज, आम्हाला धड डेटाबेस हवा. कुणी काय ठेवलं, काय नेलं, विचारलं की कळलं पाहिजे. नाहीतर उन्हाळ्यात माझी पिल्लं उपाशी मरतील."

सिंहाने आयाळ झटकली. "माझ्या लाडक्या प्रजाजनांनो! घरोघरी डेटाबेस! बिळाबिळात डेटाबेस!"

डेटाबेस खायचा असतो की प्यायचा, हे बऱ्याच जणांना विचारायचं होतं. पण टाळ्या थांबेनात.

हिशेबाचं काम कुणाला द्यायचं हे ठरवायला निवड समिती नेमली गेली. अध्यक्ष अन्नमंत्री तरसराव. आपल्याला कुणी विचारलं नाही असं व्यापाऱ्यांनी म्हणू नये, म्हणून साळूबाईलाही घेतलं.

सगळ्यात आधी हत्ती आला. "मी काहीच विसरत नाही."

"खाता किती?" साळूबाईने विचारलं.

हत्तीने सांगितलं.

"अहो दादा, मग कोठारात लक्षात ठेवायला उरेल काय?"

हत्तीला स्वतःलाच हसू आलं. तो मान हलवत निघून गेला.

मग पोपटांचा थवा आला. तरसरावांनी विचारलं, "बाजरी किती?"

"भरपूर! भरपूर!"

"वा! काय वेग आहे!"

"ज्वारी किती?" साळूबाईने विचारलं.

"भरपूर! भरपूर!"

"आणि कोठारात हत्ती किती?"

"भरपूर! भरपूर!"

शेवटी मुंग्या आल्या, रांगेने. त्यांची म्होरकी म्हणाली, "प्रत्येक दाण्याची जागा ठरलेली. एक मुंगी पडली तर तिचं काम दुसरीला ठाऊक. आणि एकदा झालेली नोंद मागून बदलत नाही."

तरसराव सावरून बसले. "अजिबात नाही? समजा, मंत्र्यांनीच सांगितलं तर?"

"मग मंत्र्यांनी सांगितलं, अशीही नोंद होईल."

साळूबाईने त्यांनाही बाजरी विचारली. मुंग्या कोठारात जाऊन आल्या. "निम्मीच आहे. बाकीची मागच्या दाराने गेली. दाणे तरसरावांच्या गुहेपर्यंत सांडलेत."

तरसरावांनी आलेला ढेकर अर्ध्यावर गिळला.

संध्याकाळी निकाल लागला. मुंग्यांमध्ये लवचिकता नाही, शिवाय त्यांचा सूर नकारात्मक आहे. पोपट वेगवान आहेत आणि पोस्टरवर छान दिसतात. कोठार पोपटांना.

साळूबाई काटे फुलवून घरी आली. सकाळी मात्र ती उठली आणि मुंग्यांच्या वारुळापाशी गेली.

"बायांनो, सरकारने तुम्हाला घेतलं नाही. आम्ही बाजारवाले घेतो. मजुरी काय द्यायची?"

"सांडेल ते आमचं."

उंबराच्या ढोलीत बाजाराचं नवं कोठार झालं. सरकारी कोठारात उत्तर पटकन मिळे, धान्य मिळत नसे. त्यामुळे नव्या सुगीला सशापासून सांबरापर्यंत सगळ्यांनी माल ढोलीत आणला. माकडाने एकदा दुसऱ्याचा वाटा मागून पाहिला. मुंग्यांनी त्याला त्याच्या नावावरची दोन बोरं दिली आणि जाताना चावल्या. उन्हाळा आला, गेला. साळूबाईची पिल्लं चांगली गुटगुटीत झाली.

सिंहाने विजयोत्सव केला. "एकही प्राणी उपाशी नाही! डेटाबेस यशस्वी!"

"भरपूर! भरपूर!" पोपट ओरडले. तरसरावांना सागझरीभूषण मिळालं.

हार गळ्यात असतानाच ते साळूबाईच्या दुकानात आले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "साळूबाई, तुमच्या मुंग्या मिळतील का? माझ्या घरच्या कोठाराला हव्यात. नोकर फार चोरटे आहेत हो."

तेव्हापासून सागझरीत सरकारी कोठाराचा हिशेब पोपट सांगतात आणि मंत्र्यांच्या घरच्या कोठाराचा मुंग्या ठेवतात.