साकवाचा साग कुठे गेला?

ओढ्याकाठच्या एका गावात राजा नव्हता. दरवर्षी पेरण्या आटोपल्या की सारं गाव देवळासमोर जमायचं, झाल्या कारभाराचा जाब विचारायचं आणि हात वर करून कारभारी निवडायचं.

एके वर्षी एका गोडबोल्या माणसाने सभेआधी घरोघरी गूळ वाटला. खाल्ल्या गुळाला जागून लोकांनी त्यालाच निवडलं.

ओढ्यावरचा लाकडी साकव जुना झाला होता. पलीकडच्या बाजाराला आणि वैद्याकडे जायला तेवढीच वाट. नव्या साकवासाठी गावाने आपल्या रानातले साग तोडून दिले. कारभाऱ्याने ते स्वतःच्या घराला लावले. साकवाला सावरीचे हलके वासे ठोकले आणि वर माती पसरली. ज्यांच्या हे लक्षात आलं, त्यांच्याकडे पुन्हा गूळ पोचला.

पुढच्या सभेला निम्मंच गाव आलं. "कोणीही आला तरी खाणारच," म्हणत बाकीचे घरी बसले. त्याच्या पुढच्या वर्षी कारभाऱ्याचे भाऊबंदच काय ते जमले.

"आता सभा तरी कशाला? मी आहेच की!" तो म्हणाला. सभा बंद झाली.

श्रावणात ओढा दुथडी भरला असताना येसू कुंभारणीची सून बाळंतपणात अडली. चौघांनी तिला डोलीत घातलं आणि वैद्याकडे निघाले. येसू मागोमाग होती. साकवाच्या मध्यावर पायाखाली कडाडलं.

"पळा रे!" येसू ओरडली.

सगळे पलीकडे पोचतात न पोचतात तोच साकव कोसळला आणि पाण्याबरोबर वाहून गेला.

सून सुखरूप सुटली. बाळही धडधाकट होतं. पण पायाखाली कडाडलेला साकव येसूच्या डोक्यातून जाईना. ओढा उतरल्यावर ती गावात परतली आणि दारोदार सांगू लागली, "उद्या देवळासमोर या."

"येऊन काय उपयोग?" लोक म्हणायचे.

"आपण जात नाही, म्हणून तर त्याला विचारणारं कोणी उरलं नाही."

हे कानावर जाताच कारभारी तिच्या दारी आला. "येसूवहिनी, घरात बाळंतीण आहे. उद्या दारात दुभती म्हैस बांधतो. सभेचं तेवढं सोडा."

येसूने आत बाळंतिणीकडे पाहिलं. घरात दुधाचा थेंब नव्हता. मग ती म्हणाली, "कारभारी, म्हैस माझ्या एकटीच्या घरी दूध देईल. साकवावरून सगळं गाव जातं."

दुसऱ्या दिवशी देवळासमोर बसायला जागा पुरेना.

"आमचा साग कुठे गेला?" डोली वाहणाऱ्यांनी विचारलं.

"पुराने नेला," कारभारी हसला.

लोक उठले आणि थेट त्याच्या घरी गेले. ओसरीचे जाडजूड सागाचे खांब पाहून कोणाला काही सांगावं लागलं नाही. गावाने त्याला त्याच दिवशी काढलं आणि ओसरी उतरवून साग परत नेला. नवा कारभारी निवडला. पण साकवाचं काम त्याच्या एकट्यावर सोडलं नाही. रोज कुठल्या ना कुठल्या घरचं माणूस तिथे उभं असायचं.

साकव झाला, तेव्हा चार दांडगे गडी मधोमध जाऊन थयथय नाचले. फळी हलली नाही. बायका हसत हसत बाजाराला निघाल्या, आणि किती दिवसांनी येसूने मोकळा श्वास घेतला.

तात्पर्य: कारभारी चोर निघाला तर साकव जातो, विचारणारे घरी बसले तर गावच हातचं जातं.